पाठवले म्हणजे पोचले का?



दहावी-बारावीचे निकाल लागले की घराघरांत कागदांची धावपळ सुरू होते. जुन्नर, ओतूर, नारायणगाव, मंचर, घोडेगाव, कुठेही जा, चित्र एकच. कुणाला शिष्यवृत्तीचा अर्ज करायचा आहे, कुणाला पुण्याच्या कॉलेजात प्रवेश हवा आहे, कुणाची आखातात नोकरीची बोलणी चालली आहेत, तर कुणी दुबईतल्या भावाला वारसनोंदीचे कागद वाचायला पाठवतो आहे. पूर्वी सकाळची एस.टी. पकडून पुण्याला जायचे आणि फाईल हातात देऊन यायचे, असा रिवाज होता. आता समोरचा माणूस म्हणतो, "ईमेल करा." मुलगा मोबाइलवर दहा-बारा कागदांचे फोटो काढतो, जोडतो, बटण दाबतो आणि सांगतो, "अब्बा, पाठवलं." अब्बांचा जीव भांड्यात पडतो.

आठ दिवसांनी चौकशी केली की उत्तर येते, "तुमचे कागद आम्हाला मिळालेच नाहीत." मग घरात वादावादी. मुलगा म्हणतो मी पाठवले, कार्यालय म्हणते आले नाहीत. अशा वेळी बहुधा दोघेही खरे बोलत असतात. कागद निघाले होते, पण वाटेत अडले. अडल्याची चिठ्ठी परत आली होती, पण ती इंग्रजीत होती आणि कुणी उघडलीच नाही. मुदत मात्र टळून गेली.

मोठ्या फायली जोडलेले ईमेल का पोचत नाहीत, ते वेळीच कसे ओळखायचे आणि त्यावर घरच्या घरी काय करता येते, ते या महिन्यात पाहू.

ईमेल मुळात चिठ्ठीसाठी

ईमेलची वाट मुळात कशासाठी बांधली होती, हे आधी लक्षात घेतले की पुढचे सोपे जाते. एका संगणकाकडून दुसऱ्याकडे टपाल कसे सोपवायचे याचे नियम ऑगस्ट १९८२ मध्ये जॉन पोस्टेल यांनी लिहिले. आजचे ईमेल त्याच नियमांच्या सुधारलेल्या रूपावर चालतात. त्या वेळी ईमेल म्हणजे साधी चिठ्ठी होती. इंग्रजी अक्षरे, आकडे आणि विरामचिन्हे एवढेच त्यात जात असे. फोटो, आवाज किंवा मराठी मजकूर पाठवण्याची सोय नव्हती.

फायली जोडण्याची सोय दहा वर्षांनी आली. नॅथॅनियल बोरेनस्टीन आणि नेड फ्रीड या दोघांनी त्यासाठी 'माइम' नावाची पद्धत बसवली. ११ मार्च १९९२ रोजी बोरेनस्टीन यांनी या पद्धतीने आपल्या गाणाऱ्या चौकडीचा फोटो आणि त्यांचे गाणे ईमेलला जोडून पाठवले. त्याच वर्षी जूनमध्ये ही पद्धत प्रसिद्ध झाली.

पण यात एक गोम आहे. वाट जुनीच राहिली, अक्षरांची. म्हणून फोटो असो की पीडीएफ, ईमेलमध्ये शिरताना त्याचे अक्षरांत रूपांतर करावे लागते. त्यासाठी इंग्रजीची मोठी २६ अक्षरे, लहान २६ अक्षरे, १० आकडे आणि दोन चिन्हे अशी एकूण ६४ चिन्हे वापरतात. या रूपांतरात फायलीच्या दर तीन बाइटची चार अक्षरे होतात. म्हणजे तीन पायली धान्य भरायला चार पायलीचे पोते लागते. त्यात प्रत्येक ओळ संपल्याची खूण धरली की वजन एकूण ३७ टक्क्यांच्या आसपास वाढते.

हिशेब करून पाहा. मोबाइलमध्ये फाईल ८ एमबीची दिसते. ईमेलमध्ये ती जवळपास ११ एमबी होते. समोरच्या कार्यालयाची मर्यादा १० एमबी असेल, तर आपण म्हणणार, "आमची फाईल तर आठचीच होती." त्यांचे यंत्र म्हणणार, "माझ्या दारात अकरा आले." दोघांचेही माप बरोबर आहे. एकाने माल मोजला, दुसऱ्याने पोत्यासकट मोजले.

वाटेतले नाके

आपल्या भागातल्या वाचकांना नाणेघाट सांगायला नको. जुन्नरहून कोकणात उतरणारी सातवाहनांच्या काळातली ही व्यापारी वाट. घाटमाथ्यावरच्या दगडी रांजणात जकातीची नाणी टाकत, असे परंपरेने सांगितले जाते. व्यापाऱ्याने घरून माल भरला म्हणजे तो बंदरावर पोचला असे होत नसे. वाटेत नाके होते, आणि प्रत्येक नाक्याचा कायदा वेगळा.

ईमेलचेही तसेच आहे. आपण बटण दाबतो तेव्हा पत्र थेट समोरच्याच्या मोबाइलवर जात नाही. आधी ते आपल्या टपाल कंपनीच्या सर्व्हरवर चढते. तिथून समोरच्याच्या सर्व्हरकडे जाते. तो सर्व्हर तपासणी करतो आणि मग पत्र पेटीत टाकतो. कधी कधी मध्ये आणखी एखादा तपासणी करणारा सर्व्हर असतो. यांतला कोणीही पत्र अडवू शकतो.

पहिला अडथळा आपल्याच घरात असतो. ईमेल चढवायला लागणारा वेग हा व्हिडिओ पाहायला लागणाऱ्या वेगापेक्षा वेगळा, आणि बहुधा कमी असतो. म्हणून व्हिडिओ झकास चालतो, पण ईमेल जात नाही. २० एमबीची फाईल ईमेलमध्ये २७ एमबीच्या पुढे जाते. चढवण्याचा वेग सेकंदाला १ मेगाबिट असेल तर तिला साडेतीन मिनिटांहून अधिक लागतात. वेग त्याच्या पाचव्या हिश्शावर आला तर अठरा मिनिटे. डिंभ्याच्या वर, आहुपे-भीमाशंकरच्या बाजूला किंवा जुन्नरच्या पश्चिमेकडच्या खोऱ्यांत डोंगर आडवा आला की रेंज तुटते, आणि तुटली की पुष्कळदा चढवणे पहिल्यापासून सुरू होते. पत्र 'आउटबॉक्स'मध्येच राहते. जीमेलच्या ॲपमध्ये अशा पत्रापुढे 'क्यूड' असे दिसते. क्यूड म्हणजे रांगेत उभे. ते घराबाहेर पडलेलेच नसते.

दुसरा नाका आपल्या टपाल कंपनीचा. जीमेल आणि याहू दोघांचीही पाठवण्याची मर्यादा २५ एमबी आहे, आणि ती सगळ्या फायली मिळून. पाच-पाच एमबीच्या सहा फायली जोडल्या तरी ती ओलांडली जाते. जीमेलवर फाईल यापेक्षा मोठी झाली की जीमेल ती आपोआप गूगल ड्राइव्हवर ठेवते आणि पत्रात फक्त तिचा दुवा, म्हणजे लिंक घालते. आपल्याला वाटते फाईल गेली. खरे तर फाईल आपल्याच कपाटात राहिली आणि समोरच्याला कपाटाचा पत्ता गेला. कपाटाला कुलूप असेल तर त्याला काहीच दिसणार नाही. त्याविषयी पुढे सांगतो.

तिसरा नाका समोरच्याचा. सर्वांत जास्त घोटाळा इथेच होतो. जीमेल ५० एमबीपर्यंतचे पत्र स्वीकारते, म्हणून सगळेच तेवढे घेतील असे समजू नये. अनेक कार्यालये, शाळा आणि कंपन्या स्वतःचा सर्व्हर चालवतात. जगभर वापरले जाणारे 'पोस्टफिक्स' हे टपालाचे सॉफ्टवेअर मुळात १,०२,४०,००० बाइट, म्हणजे सुमारे १० एमबीपर्यंतच पत्र घेते. मायक्रोसॉफ्टच्या 'एक्स्चेंज सर्व्हर'चीही मूळ मर्यादा १० एमबीच आहे. सांभाळणाऱ्याने ती वाढवली तर वाढते, नाही तर तशीच राहते. पोत्याचे वजन वजा केले तर १० एमबीच्या दारातून खरी फाईल साडेसात एमबीच्या आतबाहेरचीच शिरते.

चौथा अडथळा भरलेल्या पेटीचा. जीमेलच्या मोफत खात्यात १५ जीबी जागा मिळते, पण ती ईमेल, ड्राइव्ह आणि गूगल फोटो या तिघांत वाटलेली असते. लग्नाचे व्हिडिओ आणि मुलांचे फोटो आपोआप चढत राहिले की जागा संपते. मग नोकरीचे पत्र आले तरी पेटी ते घेत नाही. वर्षातून दोनदा तरी जुने मोठे व्हिडिओ काढून टाकावेत. घरातल्या वडीलधाऱ्यांच्या मोबाइलवर ही जागा मुलांनीच बघावी.

पाचवा अडथळा पहारेकऱ्याचा. विषाणू पसरवू शकतील अशा प्रकारच्या फायली, उदाहरणार्थ संगणकावर चालणारे प्रोग्रॅम, जीमेल घेतच नाही. त्या झिपमध्ये बांधल्या तरी घेत नाही. फाईल किती लहान, याचा इथे संबंध नसतो.

परत आलेली चिठ्ठी वाचायला शिका

नाक्यावर पत्र अडले की बहुतेक वेळा सर्व्हर आपल्याला परतचिठ्ठी पाठवतो. ती 'मेलर-डेमन' किंवा 'मेल डिलिव्हरी सबसिस्टम' अशा नावाने येते. नाव अनोळखी, मजकूर इंग्रजी, म्हणून लोक जाहिरात समजून ती पुसून टाकतात. पण हीच चिठ्ठी सर्वांत कामाची असते. टपाल खात्याचा 'पत्ता सापडत नाही' असा शेरा मारून परत आलेले पाकीट आपण फेकून देतो का?

सगळे इंग्रजी वाचता आले नाही तरी चालेल. त्यातले आकडे शोधा. पहिला आकडा ४ असेल तर अडचण तात्पुरती आहे, सर्व्हर पुन्हा प्रयत्न करील. पहिला आकडा ५ असेल तर निकाल कायमचा, ते पत्र आता जाणार नाही. आपणच काहीतरी बदलून पुन्हा पाठवले पाहिजे.

५५२ हा आकडा आणि 'साइझ' हा शब्द सोबत दिसला की समजावे, वजन जास्त झाले. त्याच्या पुढे ठिपक्यांनी तोडलेले तीन आकडे असतात. ५.३.४ म्हणजे एवढे मोठे पत्र हा सर्व्हर घेत नाही. ५.२.३ म्हणजे त्या माणसाच्या पेटीला एवढे मोठे पत्र चालत नाही. ५.२.२ म्हणजे पेटी भरली आहे. तेव्हा फाईल लहान करून उपयोग नाही, फोन करून त्याला जागा करायला सांगा. ५.१.१ म्हणजे पत्त्यातच चूक आहे, एखादे अक्षर किंवा टिंब चुकले असेल. ५.७ ने सुरू होणारा आकडा म्हणजे सुरक्षेच्या किंवा धोरणाच्या कारणाने नकार.

'डिलेड' असा शब्द आला तर पत्र वाटेत थांबले आहे. पाठवणारा सर्व्हर ते पुन्हा पुन्हा देऊन पाहतो. निदान चार-पाच दिवस प्रयत्न करावा, असा टपालाच्या नियमांचा सल्ला आहे. साध्या खुशालीच्या पत्राला हे ठीक. पण अर्जाची मुदत उद्या संपत असेल, तर पाचव्या दिवशी येणारा नकार काय कामाचा? म्हणून शेवटच्या दिवशी, शेवटच्या तासाला मोठी फाईल पाठवू नये. किमान तीन दिवस हाताशी ठेवावेत.

आणि हेही ध्यानात असू द्या, की परतचिठ्ठी आली नाही म्हणजे पत्र वाचले गेले असे नव्हे. ते स्पॅममध्ये पडलेले असू शकते. 'मिळाले आणि उघडले' असे समोरच्या माणसाने सांगितले, तरच ते पोचले.

कागद एवढा जड का होतो?

जुन्नरला कागदाचे वजन नव्याने काय सांगायचे? एकेकाळी इथल्या कागदी घराण्यांनी हाताने बनवलेला जुन्नरी कागद दप्तरांत नावाजलेला होता. तो कागद वर्षानुवर्षे टिके. आज त्याच गावातून कागदाचे फोटो जगभर जातात, पण फोटोचे वजन कशाने वाढते हे फारसे कुणी पाहत नाही.

ए-४ आकाराचा एक कागद घ्या. स्कॅनरमध्ये 'डीपीआय' म्हणून एक आकडा असतो. इंचाला किती ठिपके, हा त्याचा अर्थ. २०० डीपीआयला त्या एका पानावर सुमारे ३९ लाख ठिपके पडतात. रंगीत चित्रात प्रत्येक ठिपक्याला तीन बाइट, म्हणजे दाबून लहान करण्याआधी साडेअकरा एमबी. राखाडी छटांत एक बाइट, म्हणजे सुमारे ४ एमबी. निव्वळ काळ्या-पांढऱ्यात आठ ठिपके मिळून एक बाइट, म्हणजे अर्ध्या एमबीच्या आत. आणि २०० ऐवजी ६०० डीपीआय ठेवले तर हे सगळे नऊपट. कॉम्प्युटर पुढे ते दाबून बसवतो हे खरे, पण जास्त ठिपक्यांचा कागद शेवटी जडच राहतो.

म्हणून छापील गुणपत्रिका, ७/१२ उतारा, रेशनकार्ड, बिले यांना २०० डीपीआय पुरते. अक्षरे स्वच्छ दिसतात. शिक्के, फोटो असतील तर राखाडी किंवा रंगीत ठेवा. मात्र जुने कागद, म्हणजे आजोबांच्या वेळचे खरेदीखत, मोडीतली सनद, जुना निकाहनामा, कधीही काळ्या-पांढऱ्यात घेऊ नका. फिकट शाई आणि शिक्क्याचा रंग उडून जातो आणि पुढे तोच मुद्दा वादाचा होतो. ते रंगीतच घ्या, वजन होऊ द्या, आणि दोन-दोन पाने वेगळी करून पाठवा.

मोबाइलने फोटो काढताना कागद सपाट ठेवा, दिवसाच्या उजेडात काढा, आणि भोवतालची चादर, चटई, टेबल कापून टाका. नक्षीदार चादरीचेही ठिपके होतात आणि त्यांचे वजन आपण फुकट वाहतो. गॅलरीतले फोटो तसेच जोडण्याऐवजी स्कॅन करणाऱ्या ॲपने सगळ्या पानांची एक पीडीएफ करा. गूगल ड्राइव्हच्या ॲपमध्येच ही सोय आहे.

झिप केले की फाईल लहान होते असा एक समज आहे. मजकुराच्या फायलींना ते लागू पडते. फोटो आणि स्कॅन केलेली पीडीएफ आधीच दाबलेली असते, झिप करून तिचे वजन जवळपास तेवढेच राहते. पिळलेला कपडा पुन्हा पिळून किती पाणी निघणार?

व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवलेला कागद ते ॲप आपल्या सोयीने बारीक करते. बारीक अक्षरे पुसट होतात. तोच फोटो पुढे ईमेलला जोडला की कार्यालय 'अस्पष्ट' म्हणून परत करते. व्हॉट्सॲपवर कागद पाठवायचाच असेल तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, मग तो जसाच्या तसा जातो.

मोठा माल घरी ठेवा, पत्ता पाठवा

नारायणगावजवळच्या खोडदला जीएमआरटी ही महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, काही मध्यभागी आणि बाकीच्या तीन दिशांना २५ किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या. प्राध्यापक गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली ती उभी राहिली. देशोदेशीचे शास्त्रज्ञ तिच्यावर वेळ मागून घेतात, आणि एकेका निरीक्षणाची माहिती अनेक जीबींची होते. ती कुणी ईमेलला जोडत नाही. माहिती केंद्राच्या संग्रहात राहते आणि ज्याला अधिकार आहे तो ती तिथून उतरवून घेतो.

घरगुती मोठ्या फायलींनाही हीच रीत. फाईल गूगल ड्राइव्हसारख्या जागी ठेवायची आणि ईमेलमध्ये फक्त तिचा दुवा पाठवायचा. पत्र काही केबींचे, म्हणून कुठल्याही नाक्यावर अडत नाही. मात्र आता कुलपाची गोष्ट. दुवा देताना 'रिस्ट्रिक्टेड' राहिले, तर समोरच्याला फाईल उघडत नाही, 'परवानगी मागा' असे दिसते. कार्यालयातला कारकून परवानगी मागत बसत नाही, 'कागद अपूर्ण' असा शेरा मारून पुढे जातो. उलट 'दुवा असलेला कोणीही' असे ठेवले, तर तो दुवा ज्याच्या हाती लागेल त्याला आपला पासपोर्ट आणि बँकेचे पुस्तक दिसते. मधला मार्ग बरा. ज्या ईमेल पत्त्याला कागद हवा, फक्त त्यालाच परवानगी द्या आणि काम झाले की काढून घ्या. काही कार्यालये सुरक्षेपायी बाहेरचे दुवे उघडतच नाहीत, तेव्हा आधी विचारून घेणे चांगले.

दुसऱ्याचे कागद ही अमानत

फाईल लहान करून देणाऱ्या मोफत वेबसाइट पुष्कळ आहेत. तिथे फाईल टाकली की ती कुणाच्या तरी सर्व्हरवर जाते. शाळेच्या प्रकल्पाची फाईल टाकायला हरकत नाही. आधार, पासपोर्ट, बँकेचे कागद, घरातल्या मुलीबाळींचे फोटो अनोळखी साइटवर टाकू नका. तेच काम स्कॅन ॲपमध्ये दर्जा कमी ठेवून घरात होते.

आधारचा पूर्ण क्रमांक मागितला नसेल तिथे 'मास्क्ड आधार' द्या. त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात आणि ते आधारच्या अधिकृत साइटवरून उतरवता येते. डिजिलॉकर ही सरकारी सोय २०१५ पासून आहे. त्यात संबंधित खात्याने दिलेले कागद कायद्याने मूळ कागदाच्या बरोबरीचे मानले जातात आणि स्कॅन करण्याचा प्रश्नच उरत नाही.

सेवा केंद्रात किंवा ओळखीच्या दुकानात जाऊन ईमेल केला असेल, तर निघण्यापूर्वी खात्यातून बाहेर पडा आणि त्या संगणकावर उतरवलेल्या फायली पुसायला सांगा. सेवा केंद्र चालवणारे आपले अनेक तरुण हा मजकूर वाचत असतील. त्यांनाही विनंती, लोकांचे कागद आपल्याकडे अमानत म्हणून येतात. काम होताच ते पुसून टाकणे हा त्या अमानतीचाच भाग आहे.

मशीद, कब्रस्तान, दर्गा यांचे काम पाहणाऱ्या विश्वस्तांना तर हा विषय फारच जवळचा आहे. ६ जून २०२५ रोजी केंद्राचे 'उमीद' पोर्टल सुरू झाले आणि वक्फ मिळकतींचे तपशील व कागद त्यावर चढवायला सहा महिन्यांची मुदत ठेवली गेली. पोर्टल आणि ईमेल या वेगळ्या वाटा आहेत, पण कागद जड असले की दोन्हीकडे दम लागतो. ज्या संस्थांनी आपले दप्तर आधीच पानवार स्कॅन करून, नावे देऊन ठेवले असेल, त्यांना कुठल्याही मुदतीत धावाधाव करावी लागत नाही. ज्यांनी ठेवले नसेल त्यांनी पुढच्या मुदतीची वाट पाहू नये. वाडीतला कॉलेजात जाणारा एखादा मुलगा किंवा मुलगी आणि चार रविवार, एवढ्यात हे काम होते.

पाठवण्यापूर्वी एवढे करा

एक, आधी बिनजोडणीचे छोटे पत्र पाठवा किंवा फोन करून विचारा, "किती एमबीपर्यंत चालेल?"

दोन, मर्यादा कळली नाही तर एका पत्रातल्या सगळ्या फायली मिळून ७ एमबीच्या आत ठेवा.

तीन, जास्त असेल तर भाग करा आणि विषयात लिहा, 'भाग १, एकूण ३'. प्रत्येक भागात कोणते कागद आहेत त्याची यादी द्या. मग एखादा भाग राहिला तर समोरच्याला लगेच कळते.

चार, फायलीला नाव द्या. 'स्कॅन ००१७' यावरून कुणालाही काही कळत नाही. 'दहावी गुणपत्रिका' आणि पुढे विद्यार्थ्याचे नाव, असे हवे.

पाच, पाठवल्यावर 'सेंट'मध्ये पत्र दिसते का, 'आउटबॉक्स' रिकामा आहे का, हे पाहा. अर्ध्या तासाने आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परतचिठ्ठी आली आहे का, तेही पाहा.

सहा, पत्राच्या शेवटी लिहा, 'कागद मिळाले व उघडले, असे कृपया कळवावे.' दोन दिवसांत उत्तर नाही आले तर फोन करा आणि कुणाशी, कधी बोलणे झाले ते वहीत टिपून ठेवा.

घरात ज्याला इंग्रजी आणि मोबाइल कळतो, त्याच्यावर या कामाचा भार पडतो, आणि ते काम तो बहुधा घाईत उरकतो. अम्मी किंवा अब्बांनी विचारले, "पोचलं का रे?" तर "हो, पाठवलं" हे त्याचे उत्तर नव्हे. मोबाइल त्यांच्यासमोर धरावा, आलेला जबाब दाखवावा, आणि जबाब आला नसेल तर तसे स्पष्ट सांगावे. मुदत संपायला दोन दिवस असतील, तर पुण्याची एस.टी. अजून मिळते.